वाट्यानं मिळालेल्या दोन तलंगा

कोंबडी पकडायची वेळ दिवसातून दोनदाच येते. सकाळी ती डालग्याखालून, म्हणजे पालथ्या टोपलीखालून, बाहेर पडण्याआधी आणि सांज झाल्यावर पुन्हा आत शिरली की. मधल्या वेळात तिच्यामागं धावणाऱ्या माणसाचं फक्त हसं होतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एकदा एका कोंबड्यामागं धावताना मी भर गल्लीत एका आजीबाईंच्या वाळवणावर आडवा झालो होतो. कुरडया ओल्या होत्या. त्या गावात पुढं कितीतरी दिवस मला 'कुरडईवाला डाक्टर' म्हणत.

तर माझा धंदा सकाळी सूर्याच्या आधी उठण्याचा, आणि मी मुळात उशिरा उठणारा माणूस. देवानं माणूस आणि नोकरी यांची गाठ घालताना पत्रिका बघितली नाही, असं आमच्या सौभाग्यवती म्हणतात.

मी पशुधन पर्यवेक्षक. भोकरदन तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात लागलो, तेव्हा जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहिलं होतं आणि खालचं जुनंही दिसत होतं. लग्नकार्यात पाहुणे माझी ओळख 'जनावराचे डाक्टर' अशी करून देतात. मी दुरुस्त करत नाही. खरे डॉक्टरसाहेब वेगळे. ते पदवीवाले, आणि मी त्यांची पेटी धरणारा. म्हैस अडली, बैलाचं पोट फुगलं की साहेब जायचे. कोंबड्या मात्र माझ्याकडं. साहेब म्हणायचे, "कोंबडीसाठी मोटरसायकल काढायची का?" मला सायकल होती, म्हणून कोंबड्या माझ्या.

पण कोंबडी ही आमच्याकडं बाईची चीज आहे. बैल मालकाचे, म्हैस घराची, कोंबडी बाईची. तिचं नाव कुठल्या कागदावर नसतं. पोरीच्या बांगड्या, अचानक आलेला पाहुणा, आजाऱ्याला रस्सा, सगळं त्या डालग्याखालून निघतं. म्हणून कोंबडी मेली की गडीमाणूस नुसता 'अरेरे' म्हणतो आणि बाई दिवसभर कोणाशी बोलत नाही. हे मला कळायला वेळ लागला. तो वेळ कसा लागला, तेच सांगायला बसलोय.

कोंबडीचा काळ म्हणजे मानमोडी. पुस्तकातलं नाव राणीखेत. ऊन तापायला लागलं, फाल्गुन-चैत्र आला की हा रोग यायचा. कोंबडी पेंगते, पिसं फुगवून बसते, हिरवट पातळ हगते, मग मान पिळवटते आणि तीन-चार दिवसांत आडवी. गल्लीत एक गेली की आठवड्यात गल्ली साफ. यावर औषध नाही. रोग येण्याआधी लस टोचली तरच जगते. लसीची कुपी बर्फात ठेवावी लागते. बर्फ मिळायचा भोकरदनच्या गारेगारवाल्याकडं, आणि थर्मासमध्ये भरून तो आणायचा मी. एका कुपीत शंभर कोंबड्यांची लस. कुपी एकदा फोडली की दोन तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. म्हणजे दिवस उगवताना अख्ख्या गावाच्या कोंबड्या डालग्याखाली पाहिजेत, बाया तयार पाहिजेत आणि मी जागा पाहिजे. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड.

पहिल्याच उन्हाळ्यात मी खापरवाडीला गेलो. नाव बदललंय. गाव ओळखू येईल याची भीती नाही, गावाला मी ओळखू येईन याची आहे. नवी नोकरी, नवी सुई, आणि शंभराचा आकडा गाठायचा नवा उत्साह. तीन-चार घरं उरकून मी कौतिकबाईंच्या अंगणात आलो. ही पन्नाशीची, उंच, सडसडीत बाई. माहेर-सासर दोन्हीकडं पूर्वी मेंढरं होती. आता थोडी शेती आणि बाकी मजुरी. पण जनावराकडं बघायची नजर मेंढरामागची. तिनं डालगं उचललं आणि दोन कोंबड्यांकडं बोट दाखवलं.

"डाक्टर, ह्या दोघी कालपासून पेंगून राह्यल्या. आजच्या दिस ऱ्हाऊ द्यायचं का?"

"मावशी, कुपी फोडलीय. दोन तासांत संपवावी लागते."

"घाई कुपीला हाय का तुम्हाला?"

"सरकारी लस आहे. काही होत नाही," मी म्हणालो.

मला त्या दोघी दिसल्या होत्या. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. आणि मी सुई टोचली. त्यांना टोचली, त्याच सुईनं पुढच्यांना टोचली आणि त्याच सुईनं पुढच्या गल्लीत गेलो. ज्यांच्या अंगात रोग शिरला आहे त्यांना लस उपयोगाची नाही, आणि एकीच्या अंगातलं दुसरीला नेऊन द्यायला सुईइतकं सोयीचं वाहन नाही. हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते.

पाचव्या दिवशी निरोप आला म्हणून गेलो. कौतिकबाईंनी कोंबड्या कुंपणाच्या कडेला ओळीनं ठेवल्या होत्या. पुरायच्या बाकी होत्या. मला म्हणाल्या, "मोजा."

चौदा होत्या. मी मोजल्या. ती शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं दिल्या नाहीत. कुदळ घेतली आणि खड्डा काढायला लागली.

तिची पंधरावी कोंबडी लाल होती. ती दोन आठवड्यांपासून बेपत्ता होती, मुंगसानं नेली असं सगळ्यांनी धरलं होतं. ती मुळात शेतातल्या कडब्याच्या गंजीत चोरून अंड्यांवर बसली होती. माझी सुई तिला लागली नव्हती आणि गावातला रोगही. गावातली मरतूक थांबल्यावर, काही दिवसांनी, ती नऊ पिल्लं मागं घेऊन डौलात घरी आली. खापरवाडीला यापेक्षा मोठा पुरावा नको होता. ज्यांना डाक्टरनं टोचलं त्या मेल्या आणि जिला टोचलं नाही ती लेकुरवाळी होऊन आली!

साहेबांना मी सांगितलं की गावात रोग आधीच होता. ते खरंच होतं. तो मला दिसला होता, एवढं मात्र सांगितलं नाही. घरी सुमनला, म्हणजे बायकोला, म्हणालो, "ऊन फार आहे यंदा." ती अंबडकडची, माळकरी घरातली, अंड्याला हातही न लावणारी. कोंबड्यांचा विषय तिनं पुढं वाढवला नाही.

त्यानंतर मी खापरवाडीच्या वेशीत शिरलो की बाया डालग्यावर गोणपाट टाकायच्या. एक-दोघी तर डालग्यावर दगड ठेवून शेजारी बसायच्या. गाईम्हशींना टोचायला कोणाची ना नव्हती. कोंबड्यांना बिलकुल न्हाई! पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मानमोडी येणार, पुन्हा गाव साफ होणार, आणि या वेळी लस हातात असून मला नुसतं बघत बसावं लागणार, हे उघड होतं.

श्रावणात गाईम्हशींच्या घटसर्पाच्या लसीसाठी गेलो तेव्हा कौतिकबाईंनीच मला अडवलं.

"डाक्टर, तुमच्या घरी कोंबड्या हायत का?"

"नाहीत."

"कधी व्हत्या?"

"नाही."

"मंग कसं कळावं तुम्हाला," ती म्हणाली. रागानं नव्हे. एखाद्याला उंची कमी म्हणून फळीवरचा डबा निघत नाही, तसं म्हणाली.

घरात गेली आणि दोन तलंगा घेऊन आली. तलंग म्हणजे अंड्यावर यायला आलेली कोवळी कोंबडी. त्या लाल कोंबडीच्याच नऊ पिल्लांतल्या. पाय सुतळीनं बांधलेले.

"ह्या वाट्यानं घ्या."

आमच्याकडं कोंबडी किंवा शेळी वाट्यानं द्यायची रीत आहे. जनावर देणारीचं, दाणापाणी आणि राखण सांभाळणारीची, पिल्लं दोघींना निम्मी निम्मी. रोगात ज्या बाईचं सगळं गेलं तिला शेजारीण अशी एक तलंग देते आणि तिचं अंगण पुन्हा भरतं. त्या वर्षी खापरवाडीत देण्यासारख्या तलंगा फार नव्हत्या. त्यातल्या दोन ती मला देत होती.

"साल सरेस्तोवर संभाळा. पाऊस, थंडी, ऊन, समदं बघा. तुमची सुई तुमच्याच कोंबड्यांना टोचा. पाडव्याला मला दाखवा किती ऱ्हायल्या ते. ऱ्हायल्या तर गावातलं एकूण एक डालगं मी उचलून देते. न्हाई तर तुमचा-आमचा रामराम."

सायकलच्या हँडलला दोन तलंगा लटकवून मी घरी आलो. सुमननं दारातच विचारलं, "हे काय?"

"परीक्षा," मी म्हणालो.

खुराडं मी स्वतः बांधलं. प्रशिक्षणात काढलेली आकृती वहीत होती. दार पूर्वेला, जाळी अमुक, उतार तमुक. उतार मी चुकून आतल्या बाजूला दिला. पहिल्या मोठ्या सरीला अंगणातलं सगळं पाणी रांगेत आत गेलं आणि दोन्ही तलंगा माझ्या सरकारी खुराड्याच्या छपरावर बसून भिजत राहिल्या. सुमननं ते बघितलं. चार विटांवर जुनी फळी टाकली, वर पोत्याचा आडोसा केला आणि खाली चुलीतली राख पसरली. तलंगा टुणकन तिथं गेल्या. माझ्या खुराड्यात पुढं कितीतरी वर्षं गोवऱ्या ठेवल्या जात. त्या कामाला ते उत्तम होतं.

पावसाळ्यात कोंबडीला पाणी मारत नाही, ओल मारते. जमीन ओली राहिली की पिल्लांना रक्ती हगवण लागते. म्हणून रोज सकाळी खालची राख काढायची, कोरडी टाकायची. कधी चिमूटभर चुना. याला डिप्लोमा लागत नाही, झाडू लागतो. तो माझ्या हातात आला.

भादव्यात तलंगा अंड्यावर आल्या. कोंबड्याची सोय शेजाऱ्यांच्या कोंबड्यानं न मागता केली. मग एक तलंग खुडूक झाली. म्हणजे अंडी घालणं थांबवून पिसं फुगवून बसली, जवळ गेलं की कर्रर्र करून अंगावर येई. तिच्याखाली तेरा अंडी ठेवली. एकवीस दिवसांचा मामला. आणि परतीचा पाऊस ढगांच्या गडगडाटासकट हजर झाला. गडगडाटानं अंडी गाबडतात, म्हणजे आतल्या आत नासतात, म्हणून टोपलीत लोखंड ठेवायचं असतं, असं आमच्याकडं बाया मानतात. मी सुमनला शास्त्र समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एक शेतकरी गोऱ्हा घेऊन आला. गोऱ्ह्याला खच्ची करून त्याचा बैल करायचा होता. त्यासाठी एक मोठा लोखंडी चिमटा असतो, सरकारी मालकीचा, नोंदवहीतला. तो सापडेना. रोज माझ्याबरोबर घरी येणारी पेटी उलटी केली, कपाट उपसलं. साहेब तापले. मी दुपारी घरी येऊन बघतो तर चिमटा टोपलीत, तेरा अंड्यांना टेकून, वर कोंबडी.

"अहो, घरात दुसरं जड लोखंड न्हवतं," सुमन म्हणाली.

"अगं, याचं काम काय आहे ते तुला माहीत आहे का?"

ते तिला माहीत होतं. सांगायला लागली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की कोंबडी उठून उभी राहिली. मी चिमटा काढून घेतला आणि तिनं त्याच्या जागी उलथनं ठेवलं. तेरापैकी अकरा अंड्यांतून पिल्लं निघाली. माझं शास्त्र म्हणतं, लोखंडाचा संबंध नाही. सुमनही तेच म्हणते, पण उलथनं ठेवते.

हिवाळा कोंबडीला मानवतो, पिल्लांना नाही. आमच्याकडची पौषातली थंडी कोरडी, पण हाडात शिरणारी. अकरा पिल्लांचं डालगं सुमनच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ आलं. ज्या बाईच्या चुलीजवळ अंडं येत नव्हतं तिथं पिल्लं आली. ती पोळ्या लाटताना कणकेचे बारके गोळे डालग्यात टाकायची आणि मी आलो की लाटणं वाजवत दुसरीकडं बघायची. त्याच थंडीत देवी आल्या. कोंबडीला तुऱ्यावर, डोळ्याभोवती फोड येतात, त्या देवी. तीन पिल्लांचे डोळे चिकटले. सुमन दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या बोळ्यानं ते उघडायची, हळद-तेल लावायची. दोन वाचली. तिसरं गेलं त्या दिवशी ती जेवली नाही. कोंबडी मेली की बाई बोलत नाही, हे मला तेव्हा घरातच दिसलं. कुंपणाच्या कडेची ती ओळ आठवली.

माघात मी माझ्याच अंगणात सुई घेऊन उभा राहिलो. दोन मोठ्या आणि दहा वाढलेल्या. एकेक कोंबडी हातात घेऊन डोळे बघितले, तुरा बघितला, मागचं शेपूट उचलून बघितलं. बारा कोंबड्यांना तासभर लागला. खापरवाडीत तेवढ्या वेळात मी साठ उरकल्या होत्या.

त्याच सुमाराला दुसऱ्या तलंगेची सात पिल्लं निघाली. एवढ्या लहान पिल्लांना ती सुई चालत नाही. त्यांचे डोळ्यात टाकायचे थेंब वेगळे, आणि ते दवाखान्यात आले नव्हते. ही सात तशीच राहिली.

ऊन तापलं. उन्हाळ्यात कोंबडी चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून उभी राहते, जसा एखादा जाडा माणूस सदरा काढायच्या बेतात असावा. फुटक्या माठाचं बूड सावलीत ठेवून त्यात दिवसातून चारदा पाणी बदलायचं, मोरीजवळची माती ओली ठेवायची. त्या तिथं खड्डा करून पडून राहतात. सगळं बराबर चाललं होतं. पाडवा महिन्यावर आला होता आणि मी मनातल्या मनात खापरवाडीत मिरवत होतो.

एका दुपारी घरी आलो तर मोरीजवळ एक अनोळखी पांढरी कोंबडी. तिच्या मागं आणखी तीन. ओसरीवर मेव्हणी. सुमनची धाकटी बहीण शांता, हसनाबादला दिलेली.

"दाजी, आमच्या गल्लीत मानमोडी सुटली," ती चहा पीत म्हणाली. "चार चांगल्या व्हत्या तेवढ्या जल्दी घेऊन आल्ते यष्टीनं. म्हटलं डाक्टरच्या घरी काय भ्याव!"

ही आमच्या बायांची जुनी रीत. रोग आला की उरलेल्या कोंबड्या माहेरी नाहीतर बहिणीकडं नेऊन ठेवायच्या. पाठवणारी मायेनं पाठवते, ठेवणारी मायेनं ठेवते आणि त्या मायेबरोबर रोग यष्टीत बसून जातो. कोणत्या गावात मानमोडी कुठून आली हे शोधायचं तर मला नकाशा लागत नसे. कोणाची पोरगी कुठं दिली आहे, एवढं विचारलं की पुरे. पांढरी कोंबडी पेंगत होती.

शांता आत गेल्यावर मी सुमनवर घसरलो. "रोगाच्या दिवसांत कोंबडी हलवू नका, हे मी गावोगाव बोंबलत फिरतो!"

"गावोगाव फिरता," ती म्हणाली, "घरात कधी सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं.

शांताच्या चारी कोंबड्या मी गोवऱ्यांच्या खुराड्यात कोंडल्या. पण दुपारभर त्या माझ्यांबरोबर एकाच माठातलं पाणी प्यायल्या होत्या. चौथ्या दिवसापर्यंत चारी गेल्या. आठव्या दिवसापासून माझी सात लहान पिल्लं पेंगायला लागली. सुमन बोळा आणि कोमट पाणी घेऊन त्यांच्याजवळ बसली. मी म्हणालो, "याला उपयोग नाही." ती म्हणाली, "मला ठाऊक आहे," आणि बसून राहिली. सातही गेली.

बारा मोठ्यांचं काय होतं ते बघायला मी जन्मात पहिल्यांदा कोणी न उठवता पहाटे उठू लागलो. डालगं उचलायचं आणि पाय मोजायचे. चोवीस. दुसऱ्या दिवशी चोवीस. एकदा एक तलंग मान वाकडी करून बसली आणि मी धावत तिच्याजवळ गेलो. ती पाठ खाजवत होती. पाडव्याच्या आदल्या दिवशीही चोवीस.

आता त्या टोपलीत घालून खापरवाडीला न्यायच्या आणि पास व्हायचं. पण तेच करता येत नव्हतं. लस टोचलेली कोंबडी स्वतः तगते. तिच्या पायाला, पिसांना, टोपलीला रोग चिकटून जाऊ शकतो. माझ्या बारा जिवंत कोंबड्या दाखवायला नेऊन मी खापरवाडी पुन्हा साफ केली असती.

"मग दाखवणार काय?" सुमननं विचारलं.

"काहीच नाही."

पाडव्याला पहाटे अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले. चपला अंगणातल्या होत्या, त्याही नकोत. घरात दुसरं पायताण फक्त लग्नातले बूट. ते घातले. सुमननं हात रिकामे नको म्हणून साखरेची गाठी दिली. उकळलेली सुई आणि बर्फात कुपी ठेवलेला थर्मास मी घेतला. का घेतला ते विचारू नका. लग्नातले बूट, गळ्यात थर्मास, हातात गाठी, असा मी सायकलवरून खापरवाडीत उतरलो तेव्हा गुढी उभारणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या.

"कुठं हायत माझ्या तलंगा?" कौतिकबाईंनी विचारलं.

सगळं सांगितलं. शांता, पांढरी कोंबडी, सात पिल्लं, बारा मोठ्या. "बाराच्या बारा जिवंत आहेत. पण आणल्या नाहीत." मग म्हणून टाकलं, "मावशी, मागल्या साली त्या दोघी पेंगताना मला दिसल्या होत्या."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "म्याच तर दाखवल्या व्हत्या."

मी हातातली गाठी पुढं केली.

"आणल्या असत्या ना, तर वेशीतूनच वापस लावलं असतं तुम्हाला," ती म्हणाली. तिनं माझ्या हातातून गाठी घेतली, गुढीला बांधली आणि थर्मासकडं बघितलं. "ह्याच्यात काय हाय?"

"बर्फ."

"मंग इतळायची वाट बघून राह्यले का?" आणि गल्लीकडं तोंड करून ओरडली, "गोणपाटं काढा गं! ज्यानं त्यानं आपापलं डालगं धरा!"

मी कुपी फोडली नाही. आधी घरोघर गेलो, एकेका डालग्याखाली वाकून बघितलं. डोळे, तुरा, शेपूट. बाया कुजबुजत होत्या, "बाबा, आज लगीन लावतो का सुई?" सगळ्या कोंबड्या तजेलदार होत्या. शेवटी कौतिकबाईंच्या दारात येऊन कुपी फोडली, सुई भरली आणि तिनं सगळ्यात मागचं एक टोपलं उघडलं. ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. आत लाल कोंबडी. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, हलत नव्हती.

मी सुई खाली ठेवली.

"आज नाही," म्हणालो. "कोणालाच नाही."

"कुपी फोडली ना तुम्ही?"

"फोडली."

"वाया जाईल."

"जाऊ द्या. ही पेंगतेय, मावशी. आठ दिवसांनी येतो."

कौतिकबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. मग टोपल्यात हात घातला. लाल कोंबडी कर्रर्र करून तिच्या मनगटावर तुटून पडली. बाईंनी तिच्या पोटाखालून एक अंडं काढून माझ्यासमोर धरलं.

"डाक्टर, खुडूक हाय ती! अंड्यावर बसली. इतके म्हैने कोंबड्या पाळल्या आन खुडूक वळखू येईना?"

सगळी गल्ली हसली. एक बाई तर डालगं धरून खालीच बसली. मीही हसलो. दुसरं काय करणार? पण हसता हसता कौतिकबाईंनीच पहिलं डालगं उचललं, एक तलंग पंखाला धरून पुढं केली आणि म्हणाली, "घ्या. घाई न्हाई."

त्या सकाळी खापरवाडीतली एकूण एक कोंबडी टोचून झाली. कुपीत थोडी लस उरली होती. मी लाल कोंबडीच्या टोपल्याकडं वळलो, तर कौतिकबाईंनी हात आडवा केला.

"हिला नको."

"बरोबर आहे. अंड्यावर बसलीय तोवर नकोच."

"त्याच्यानं न्हाई," ती म्हणाली. "ही मागल्या साली तुमच्या हातून सुटली. हिचा भरोसा बसायला अजून एक उन्हाळा लागंल."

त्या उन्हाळ्यात खापरवाडीत मानमोडी आली नाही. आली नाही की लसीनं अडवली, ते कोण सांगणार? मी तरी सांगत नाही. ती चौदा कोंबड्यांची ओळ भरून निघाली असंही म्हणणार नाही. अकरा पिल्लांतून जगलेल्या दहातली पाच कौतिकबाईंच्या वाट्याची, पुढं दरवर्षी निम्मी जात राहिली. तरी त्या चौदा वेगळ्याच.

पुढच्या माघात मी पुन्हा गेलो. साध्या चपला घालून, न उठवता उठून. वेशीतच कौतिकबाई उभी. काखेत लाल कोंबडी. गावातलं एकही डालगं उघडण्याआधी तिनं ती माझ्यापुढं धरली. मी थर्मास खाली ठेवला, कोंबडी हातात घेतली आणि सुईला हात लावण्याआधी तिच्याकडं नीट, अगदी सावकाश बघितलं.

तीही माझ्याकडं बघत होती.